माझ्या मापाची गिटार

८ फेब्रुवारी, रविवार

उजवा हात कोपरापासून खाली बधिर. पेन धरलंय ते बोटांना कळत नाही. खांदा कानाला जाऊन भिडलाय आणि खाली यायला तयार नाही. एवढं सोसून वाजवलं काय? चार गाणी, तीही अर्धीमुर्धी.

मुकुंदकाकांनी आज विहारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं — जयंतीच्या कार्यक्रमात गिटार सुप्रिया वाजवणार. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? गायन पार्टी काकांची, आवाज काकांचा. आणि पार्टीत दादानंतर गिटारीला हात लावलेली मी एकटीच. तेही दादा घरात नसताना चोरून शिकलेली.

गिटार दादाचीच. जम्बो. दादा सहा फुटी माणूस, त्याच्या मांडीवर ती मांजरासारखी बसायची. माझ्या मांडीवर म्हैस येऊन बसल्यासारखी वाटते. तिच्या पोटाची कड काखेत रुतते, आणि डावा हात पार ताणला तरी मानेच्या टोकापर्यंत पोचत नाही. कोरसमधली नेहा म्हणालीच, समोरून तुझं डोकं अन् चपला तेवढ्या दिसून राहिल्या. सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार!

दादाला हे सांगायचं कसं?

९ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी

बाबांनीच सांगून टाकलं, जेवताना. बाबांचा जन्म नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गेला. एकदा सोडलं की पाणी सगळ्यांकडे सारखंच जातं, तशी चांगली बातमीही जाते असा त्यांचा समज आहे.

दादा पाटावर मुरमुऱ्यांच्या दोन वाट्या घेऊन बसला होता. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम — डाव्या हातानं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत एकेक मुरमुरा टाकायचा. अंगठा आणि पहिलं बोट जुळतं. चिमटी येते, मूठ येत नाही. बाकीची तीन बोटं काडीसारखी सरळ, आत स्टीलच्या पट्ट्या. ज्या हातानं तो गिटारीची मान धरायचा तोच हात.

बाबांचं ऐकून त्यानं हातातला मुरमुरा वाटीत टाकला, पुढचा उचलला. मग म्हणाला, "वाजव नं. मी कुठं तिच्यावर बसून राहिलो."

आणि उठून खोलीत गेला. दार लोटलं. लोटताच येतं ते. आतली कडी-कुंडी बाबांनी नोव्हेंबरातच काढून टाकली.

नोव्हेंबरात रेल्वेचा एक ट्रॅकमन त्याला दंडाला धरून घरी घेऊन आला होता. "गाडीचा टाइम झालता, अन् हा रुळावर बसून होता," एवढंच म्हणाला. चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवसापासून घरात कुंडी नाही, फिनाइलची बाटली नाही, आणि आई कापूस वेचायला जात नाही. आई त्याच्या दारावरच्या पडद्याच्या अलीकडे बसते, दादा पलीकडे. दिवसभर. आई मधूनमधून उगाच विचारते, चहा मांडू का रे? त्याचा 'नको' ऐकला की तिला बरं वाटतं. नको तर नको, आवाज तर आला.

१५ फेब्रुवारी, रविवार

तालमीला आज सौरभ आला. ऑक्टोपॅड त्याचाच, न येऊन करतो काय! सावरगावच्या माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा. आमच्या स्वप्निलदादाचा जिवलग. एकाच ताटात जेवणारे दोघं. ऑगस्टपासून त्यानं आमच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

आमच्या गावाची तऱ्हाच अशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा म्हणायचं, आणि अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव असे उभे राहून दिवसभर एकमेकांना दगड मारायचे. मध्ये नदी, बाकी सगळी सोयरीक. भाचा या काठावर, मामा त्या काठावर. दुसऱ्या दिवशी हेच लोक एकमेकांकडे चहाला जाणार आणि कोणाचं कुठे फुटलं ते हसून सांगणार. पोलिसात जायचं नाही. मनात धरायचं नाही. मामा तर नेहमी म्हणतो, गोटमारीच्या दगडाले नाव नसते.

बाबा लहानपणापासून आम्हाला बजावत आले — आपल्याले त्या झेंड्याशी काय करायचं? पुस्तकं वाचा, गाणी म्हणा, तिकडे फिरकू नका. दादा कधी फिरकला नाही. गेल्या ऑगस्टात मित्रांबरोबर 'पाहायला' गेला. पाहायलाच जातात सगळे! पायाशी दगड पडलेला असतो, तो हातात येतो. दादानं दोन फेकले असं तोच सांगतो. तिसरा उचलायला वाकला, पंजा जमिनीवर टेकला, आणि पलीकडून आलेला दगड त्या पंजावर बसला.

पलीकडे सौरभ होता. पलीकडे शेकडो लोक होते. पण सौरभ होता.

१८ फेब्रुवारी

ऑफिसात मान वळत नाही. साहेब म्हणाले, रात्री उशी चुकली का? हो म्हटलं.

पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर ऑफिस आलं, मला ठेक्यावर का होईना कॉम्प्युटरची नोकरी लागली. पण खुर्ची छिंदवाड्याहून आली ती मोठ्या माणसाच्या मापाची. पाय टेकत नाहीत म्हणून मी खाली कागदाच्या रिमांचा खोका ठेवलाय. शाळेत दादाचा युनिफॉर्म आखूड करून घातला. सायकल दादाची, सीट खाली करून करून पाना झिजला. आता गिटार. आयुष्यात एक वस्तू माझ्या मापाची असू नये?

ठरलं. छोटी गिटार घ्यायची. माझी. पगारात बसेल अशी.

२२ फेब्रुवारी, रविवार

सौंसरला जाऊन आले. तिथल्या एका खाजगी शाळेत मानसी मॅडम संगीत शिकवतात. मूळच्या रामाकोन्याच्या, माझ्याहून बोटभरच उंच. त्यांची गिटार विकायची आहे असं मुकुंदकाका म्हणाले होते.

नायलॉनच्या तारांची गिटार. वाजवली — काय मऊ! बोटांना लोण्यासारखी. म्हटलं, हीच. मॅडमनी माझा डावा हात पाहिला आणि म्हणाल्या, घाई करू नका. खरंच, मान इतकी रुंद की अंगठा मागे ठेवला तर बोटं वरच्या जाड तारेपर्यंत जाईनात. स्वतःची वस्तू विकायची असून नको घेऊ म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

मग त्यांनी मला नीट बसवून शिकवलं. पाय जमिनीला टेकतील अशाच जागी बसून पाहायची. डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे आणि मग उजवा हात वरून टाकायचा. खांदा वर सरकला तर ती आपली नाही, आवाज कितीही गोड असो. लांबीला फसायचं नाही. पोटाला पातळ आणि कमरेत बारीक हवी. मान अरुंद. तारा मानेला लागून हव्यात, उंच असल्या तर लहान हाताचा जीव जातो. आणि तारा बारीक गेजच्या, म्हणजे जाडीला कमी. वरच्या टोकाची पांढरी पट्टीही दाखवली. तिच्यात प्रत्येक तारेची वेगळी खाच, जाड तारेची रुंद, बारीक तारेची अरुंद. म्हणाल्या, स्वस्त गिटारीत हीच कामं कच्ची असतात, तिथे नख फिरवून पाहा.

येताना बसमध्ये वाटलं, हे सगळं दादाला ठाऊक असणार. घरातच होतं. आणि मी सौंसरला गेले विचारायला.

१ मार्च, रविवार

आईला सांगितलं नवी गिटार घेणार. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं खर्चाचं. तर नाही.

"एक हाये तेच मले जड होऊन राहिलं," म्हणाली. "त्याच्या तारा किती मजबूत राहते पोरी, तुले माहीत हाये का?"

दादाची जम्बो आता माझ्या पलंगाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. त्याच्या खोलीतून ती कोणी आणि का हलवली हे मला आज कळलं. आई दुपारी जरा लवंडते तेव्हाही तोंड त्या गिटारीकडे करून झोपते.

किती दिवस जगायचं असं? आईनं, त्यानं, आम्ही?

८ मार्च, रविवार

आणली!!

पण क्रमानं लिहिते, नाही तर गडबड होईल.

नागपूरला एकटी जाणार होते. स्टेशनवर सौरभ उभा. मुकुंदकाकांनी त्याला पाठवलेलं. परत जा म्हणणार होते, पण त्याच्या नखांत धुळवडीचा रंग अजून तसाच होता आणि दाढी वाढलेली. म्हटलं, चल.

बर्डीवरच्या मोठ्या दुकानात गेलो. पोऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फुलपाखरं काढलेली गुलाबी गिटार आणली. बच्ची के लिए? म्हटलं, मेरे लिए. मग बसायला उंच स्टूल दिलं, माझे पाय लोंबकळले. खांदा कसा तपासणार? पुढच्या दुकानात एक काळी, माझ्या ऐपतीतली, पोटाला छोटी. बसले — अंगाला बरोबर बसली. पण तारा मानेपासून इतक्या उंच की खालून पेन्सिल जाईल. दुकानदार म्हणे, बोटं कडक झाली की जमतं. सगळ्यांना आमचीच बोटं कडक करायची असतात! तिसरीच्या खुंट्या सुटत होत्या, सुरात लावली की पाणी पिऊन येईपर्यंत बेसूर.

शेवटी एका जिन्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत गेलो. तिथे जुन्याही विकायला असतात. भिंतीवर एक तपकिरी, कमरेत बारीक, पोटाला पातळ, खाली एक लांबट ओरखडा. बसायला उलटा केलेला लाकडी खोका. पाय टेकले. डोळे मिटले. हात वरून टाकला. खांदा होता तिथेच राहिला.

मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मला आखूड करून, खोका लावून नाही, तर जसं आहे तसं बसलं. त्या माणसानं समोरच नव्या तारा चढवून मानेलगत खाली आणून दिल्या. बारीक गेजच्या.

सौरभ पैसे काढायला लागला. मी त्याचा हात बाजूला केला. तो म्हणाला, मंग हे तरी घेऊ दे. आणि जास्तीच्या तारांचं एक पाकीट घेतलं. ते मी ठेवून घेतलं. का, माहीत नाही.

परतीच्या गाडीत काटोल गेल्यावर मी विचारलं. विचारायचंच होतं कधी ना कधी.

"सौरभ, तो दगड तुझा होता का?"

तो नखांतला रंग खरवडायला लागला. "मी त्या दिवशी लय फेकले, सुप्रिया. स्वप्निल तिथं उभा हाये हेच मले माहीत नव्हतं. आता रोज एकेक दगड आठवून पाहतो. कोणता कुठी गेला, एकही आठवत नाही."

"मग घरी येऊन त्याला हेच सांग."

"काय सांगू? नाही म्हणलं तरी खोटं, हाव म्हणलं तरी खोटं."

मामा म्हणतो दगडाला नाव नसतं. नसेल. म्हणूनच तो सगळ्यांच्या नावावर चढतो.

९ मार्च

दादा नवी गिटार पाहायला पडद्याबाहेर आला. आई उभीच राहिली. त्यानं दुरूनच पाहिली.

"खेळणं आणलं." मग विचारलं, "कोणासंग गेलती?"

सौरभबरोबर, म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं का? तो परत आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री जेवला नाही. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

तारांचं पाकीट आई फेकायला निघाली होती. मी तिच्या हातून घेतलं आणि माझ्या कपाटात स्वेटरांच्या खाली लपवलं. तार तुटली तर पांढुर्ण्यात ही कुठे मिळणार आहे! जागा फक्त आईला आणि मला माहीत.

१५ मार्च, रविवार

तालीम छान झाली. खांदा दुखला नाही, हात बधिर झाला नाही. गाणं संपलं तरी मला अजून वाजवायचं होतं. नेहा म्हणाली, आता पूर्ण दिसून राहिली बाप्पा तू! मुकुंदकाकांनी मान डोलावली. त्यांची ती एक मान म्हणजे दुसऱ्यांच्या दहा टाळ्या.

घराच्या वळणावर आले की चेहरा उतरवून घेते. त्याचा हात गेल्यामुळे मला ही जागा मिळाली. मी ती मागितली नव्हती. पण मिळाल्याचा आनंद होतो, हे तर खरं! असा आनंद कुठे ठेवायचा असतो?

२० मार्च

एफ कॉर्ड लागला! पूर्ण! सहाही तारा वाजल्या! कोणाला सांगू?

२६ मार्च

बाबा रजा काढून दादाला नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. संध्याकाळी परत आले. बाबा दारातच बसले, चप्पल काढायची विसरले.

डॉक्टर म्हणाले, जेवढं यायचं होतं तेवढं आलं. चिमटी राहील. मूठ येणार नाही. आता पुन्हा ऑपरेशन करून उपयोग नाही. हे सगळं दादासमोरच सांगितलं. सांगायलाच पाहिजे, मान्य. पण बाबा म्हणतात, गाडीत तो हसत होता. शेजारच्या लोकांशी संत्र्याच्या भावावर बोलत होता. बाबांना त्यात बरं वाटलं. मला नाही वाटलं.

२९ मार्च, रविवार

मुरमुऱ्यांच्या वाट्या पाटावर तशाच. मुंग्या लागल्या. आईनं पाट झटकला आणि वाट्या घासून फळीवर उपड्या ठेवल्या.

तालमीला गेले नाही.

२ एप्रिल

मुकुंदकाका घरी आले. मला वाटलं रागावणार. ते पडदा सारून आत गेले, दादाजवळ बसले आणि बाहेर आले. म्हणाले, तुझी तालीम बुडवू नको, तो तुझ्यावर रागावलेला नाही. मग कोणावर? म्हणाले, कोणावरच नाही, तेच तर वाईट.

५ एप्रिल, रविवार

दादानं आज दाढी केली. बाबांना हाक मारली आणि आपलं घड्याळ दिलं — तुमचं बंद पडून राहते, हे घाला. दोन चांगले शर्ट बाजूला काढले, विहारात कोणाला होत असतील तर द्या म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"मोठी विकून टाक. पडून राहून मान वाकून जाईन तिची."

बाबांना इतका आनंद! पोरगा सावरला म्हणाले. घड्याळ घालून चौकात जाऊन आले. आई स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी होती. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. जो राहणार असतो तो शर्ट वाटत नाही.

मी आईला म्हटलं, मी ऑफिसला जात नाही. ती म्हणाली, तू जाय, मी हाये. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. ती तरी किती जागणार! देवाला सांगू म्हटलं तर आमच्या घरात देव नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसले थोडा वेळ. ते तरी काय करतील? ते तर आधीच सांगून गेलेत की जे करायचं ते माणसांनीच करायचं.

८ एप्रिल

मी वाजवत होते, तर दादा मागे येऊन उभा राहिला. जरा पाहू, म्हणाला.

दिली. त्यानं ती मांडीवर घेतली नाही. इकडून तिकडून फिरवली. उजव्या हाताच्या बोटांनी तारा मानेवर दाबून पाहिल्या. वरच्या पांढऱ्या पट्टीवरून नख फिरवलं. "मान लहान हाये," म्हणाला. "बोटाले जोर लागत नाही." आणि परत दिली.

महिनाभरात तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. मला आनंद व्हायला हवा. पण जाणारा माणूस घरातल्या वस्तूंना असाच हात लावून जातो. आमचा कुत्रा मोत्या मेला तेव्हा — जाऊ दे. नाही लिहायचं.

मोठी गिटार विकणार नाही. कोणी कितीही सांगो.

११ एप्रिल, शनिवार

तालमीहून आता आले. आज नुसते ऑक्टोपॅड आणि गायक माईक जुळवून पाहणार होते, म्हणून गिटार नेलीच नव्हती, नुसतं ऐकायला बोलावलं होतं. सौरभनं विचारलं, स्वप्निल कसा आहे? मी म्हटलं, घरी येऊन पाहा. तो मान खाली घालून वायरी गुंडाळत बसला. मला त्याचा राग आला आणि लगेच दयाही आली. दोघंही मरतायत, एक या काठावर, एक त्या काठावर.

घरात एवढं शांत का आहे? पडद्यामागे खोकल्याचाही आवाज नाही. आई मागे भांडी घासत असेल. पण भांड्यांचा आवाज नाही.

थांब. पाकीट जागेवर आहे का पाहून येते.

नाही. स्वेटर खाली पडलेत. पाकीट नाही

१२ एप्रिल, रविवार

काल दादा मागच्या अंगणात होता. धुण्याच्या दगडावर बसलेला, मांडीवर माझी छोटी गिटार, ओठांत नेलकटर धरलेलं. आई समोर जमिनीवर. तो सांगेल तशी खुंटी पिळत होती. मला पाहून तिनं हातानंच खुणावलं — बोलू नको. पाकीट त्यानं मागितलं, आणि तिनंच काढून दिलं. स्वतःच्या हातानं. तिला किती भ्या वाटलं असेल!

त्यानं सगळ्या तारा उलट्या क्रमानं लावल्या. जाड तार बारीक तारेच्या खाचेत मावत नव्हती, तर नेलकटरच्या कानशीनं खाच घासून रुंद केली. पांढरा भुगा त्याच्या पॅन्टवर पडला होता. मग गिटार फिरवून धरली, मान उजवीकडे. उजव्या हातानं तारा दाबल्या आणि डाव्या हाताच्या चिमटीत पिक, ती प्लास्टिकची टिकली, धरून छेडलं. फार वाईट वाजलं. त्यानं पुन्हा छेडलं.

आज सकाळी मी ती माझ्या मांडीवर घेऊन पाहिली. जाड तार खाली, बारीक वर. माझ्या बोटांना काही ओळखू येईना. घासलेली खाच परत भरत नाही. माझी गिटार गेली. खरं सांगते, आधी रागच आला.

दादा म्हणाला, "तू मोठी उतरव. खुर्ची नको घेऊ, खाली बसून वाजव. कशी धराची ते मी सांगतो." आणि जरा वेळानं, माझ्याकडे न पाहता, "सौरभले फोन कर. बारीक तार अजून एक घेऊन ये म्हणा. एक तुटली."

मोठी उतरवली. परवा जयंती. खांदा आतापासूनच दुखतोय. दुखू दे.